‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठे?

वाचकांचे प्रश्न : हवामानाचा अंदाज

पावसाळा उतरणीला लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत द्राक्षाच्या छाटणीचे प्रश्न वाढतात आणि त्यांच्या पोटात हवामान खात्यावरचा रागही असतो. या वेळी तो रागच पुढे घेतला आहे. पत्रलेखकांची नावं गाळली, गावं ठेवली. नाशिक जिल्ह्यात गाव बदललं की हवामान बदलतं, म्हणून.

प्रश्न (सातपूर) : ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता’ असं वाचून दिवसभर छत्री बाळगली. थेंब नाही. असल्या वाक्याला चुकायची सोयच नाही. पडला तरी बरोबर, नाही पडला तरी बरोबर!

चुकायची सोय आहे. त्या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द एका ठरलेल्या आकड्याच्या जागी उभा असतो. वर्तमानपत्रात आकडा गळतो आणि नुसता शब्द उरतो, त्यामुळे तो गुळमुळीत वाटतो.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे ७६ टक्क्यांच्या वर. सातपूर कोरडं राहिलं आणि कळवण-चांदवडकडे दोन केंद्रांवर पाऊस झाला, तर तुम्ही वाचलेला अंदाज बरोबर ठरला. गंमत उलट बाजूला आहे. त्या दिवशी जिल्हाभर धो धो पडला असता तर तुम्ही म्हणाला असता, ‘बघा, सांगितलं तसंच झालं.’ खात्याच्या वहीत मात्र तो अंदाज चुकलेला म्हणून नोंदला गेला असता.

‘हलका’ म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. ‘मध्यम’ १५.६ ते ६४.४, ‘जोरदार’ ६४.५ ते ११५.५, ‘अति जोरदार’ ११५.६ ते २०४.४ आणि त्याच्यावर ‘अत्यंत जोरदार’. यात फसवा शब्द ‘मध्यम’. पट्टा मोठा, आणि आकडा दिवसभराच्या बेरजेचा. ६० मिमी पाऊस दिवसभर रिमझिमत पडला तर जमीन तो पिऊन टाकते. तेवढाच पाऊण तासात कोसळला तर सरस्वती नाला फुगतो आणि सराफ बाजारातल्या दुकानांत पाणी शिरतं. दोन्ही दिवसांची नोंद एकच : मध्यम पाऊस. वेग किती, हे या शब्दावरून कळत नाही. कळायचं असेल तर ‘मेघगर्जनेसह’ पाहा. गडगडाटी ढगाचा पाऊस थोड्या जागेत, थोड्या वेळात आणि झोडपून पडतो.

‘शक्यता’ या शब्दालाही पायऱ्या आहेत. खात्याच्या इंग्रजी पत्रकात २५ ते ५० टक्के, ५० ते ७५ टक्के आणि ७५ टक्क्यांच्या वर अशा तीन वेगळ्या शब्दांत ती सांगितली जाते. मराठी बातमीत येईपर्यंत तिन्हींची एकच ‘शक्यता’ होते. हा दोष अंदाजाचा नाही, आम्हा छापणाऱ्यांचा आहे.

आणि ‘जिल्ह्यात’ म्हणजे कुठे? इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या आसपास. म्हणून नाशिकच्या घाट भागासाठी खातं आता वेगळा इशारा देतं. त्यात इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा पश्चिमेचा पट्टा येतो. ‘नाशिक घाट’ असं लिहिलेला इशारा वाचून सातपूरकरांनी छत्री शोधायची गरज नाही. धरणाच्या विसर्गाकडे मात्र लक्ष ठेवावं. गंगापूर धरणाचं पाणी त्र्यंबक-आंबोलीकडच्या डोंगरात पडतं आणि शहरात ऊन असतानाही रामकुंडावर, गोदावरीचा पूर ज्यावरून बघतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागू शकतं. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर.

प्रश्न (दिंडोरी) : आमच्या मंडळातला पर्जन्यमापक शेतापासून लांब आहे. घरच्या घरी पाऊस मोजता येईल का? आणि पेपरातला आकडा नेहमी एक दिवस मागे का वाटतो?

येईल, आणि मोजावाच. सरळ कडांचं, सपाट तोंडाचं नरसाळं घ्या, ते एका बरणीत बसवा आणि औषध मोजायचं मिलिलिटरच्या खुणांचं भांडं जवळ ठेवा. जमलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजा, त्याला १० ने गुणा आणि नरसाळ्याच्या तोंडाच्या चौरस सेंटिमीटरमधल्या क्षेत्रफळाने भागा. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचं क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी; त्यात १०० मिली पाणी जमलं तर पाऊस ३.२ मिमी. क्षेत्रफळ नरसाळ्याच्या तोंडाचं धरायचं, बरणीचं नाही. सर्वांत जास्त चुका इथे होतात. दुसरी चूक कापलेल्या बाटलीची : तिचा तळ वर आलेला असतो आणि बाजू निमुळत्या, त्यामुळे बाटलीला पट्टी लावून वाचलेला आकडा भरवशाचा नसतो.

जागा निवडताना जवळच्या भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. द्राक्षाच्या मांडवाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीजवळ ठेवलेला मापक काहीही सांगेल. कडा जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि आडवी समपातळीत हवी. त्याहून खाली ठेवली तर मातीवरून उडालेले थेंब आत येतात, फार उंच ठेवली तर वारा थेंब पळवतो. पान, पाखराची विष्ठा, कोळ्याचं जाळं यांनी नरसाळं तुंबतं, म्हणून पाऊस नसला तरी रोज बघायचं.

एक मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एकराला सुमारे ४,००० लिटर. ५ मिमीची सर आली तर एकरावर २० हजार लिटर पाणी पडलं. त्या दिवशी ठिबक किती वेळ चालवायचं, हे या हिशेबाने ठरवता येतं. भरपाईला मात्र तुमची वही चालत नाही. तिथे महसूल मंडळातल्या मापकाचाच आकडा धरतात आणि २४ तासांत ६५ मिमीची रेषा ओलांडली तर अतिवृष्टी मानतात.

तारखेचा घोळ असा : देशभर पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. सोमवारी संध्याकाळी पडलेली सर मंगळवारच्या नावावर जाते. तुम्हीही साडेआठलाच मोजा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतील.

प्रश्न (इंदिरानगर) : ऑरेंज अलर्ट म्हणून मुलांच्या शाळेला सुट्टी दिली आणि दिवसभर ऊन पडलं. रंग कोणत्या हिशेबाने ठरतो?

रंग नुसत्या मिलिमीटरचा नसतो. घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर नुकसान किती, या दोन्हींवरून तो ठरतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. शक्यता मध्यम पण नुकसान मोठं असेल तरी नारिंगी लागतो आणि अशा काही दिवशी ऊनही पडतं. ८० मिमी पाऊस जुलैतल्या इगतपुरीला रोजचाच; तोच ऑक्टोबरात निफाडच्या फुलोऱ्यातल्या बागेवर पडला तर हंगाम जातो.

शिवाय दिवस कोणता, ते पाहा. अंदाजातला पहिला दिवस आज सकाळी साडेआठपासून उद्या सकाळी साडेआठपर्यंतचा. बातमीतला ‘आजचा’ ऑरेंज रात्री दोन वाजता खरा ठरला तरी शाळेच्या वेळेत ऊनच असेल. इशारे दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा सुधारले जातात, आदल्या संध्याकाळचं पुढे ढकललेलं चित्र मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर दुपारपर्यंत फिरत राहतं. चित्रावरची तारीख आणि वेळ आधी वाचावी. ती नसेल तर चित्र सोडून द्यावं.

प्रश्न (ओझर) : फोनमधलं एक अ‍ॅप ७० टक्के पाऊस दाखवतं, दुसरं २० टक्के, हवामान खातं तिसरंच. आकाश एकच ना?

आकाश एकच, पण गणितं वेगळी. संगणकातलं प्रारूप पृथ्वीवर चौकडीची जाळी टाकतं आणि प्रत्येक चौकोनातला दाब, तापमान, वारा, बाष्प पुढच्या काही मिनिटांत किती बदलेल, हे पुन्हा पुन्हा मोजत दहा दिवस पुढे जातं. युरोपीय देशांच्या सामाईक हवामान केंद्राचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा, अमेरिकी प्रारूपाचा सुमारे १३. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टम ६ किलोमीटरवर चालते; त्यासाठी संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक आहे. चौकोन मोठा असेल तर सह्याद्रीचा कडा गणितात बोथट होतो. कड्यावर अडून पडायचा पाऊस मग पूर्वेकडे ओघळतो आणि ओझरला प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवला जातो. कोणतं अ‍ॅप कोणतं प्रारूप वापरतं, हे बहुतेक अ‍ॅपच्या ‘माहिती’च्या पानावर लिहिलेलं असतं. दोन अ‍ॅप एकाच प्रारूपावर चालत असतील तर दोघांचं एकमत हा दुसरा पुरावा ठरत नाही.

गणिताची सुरुवात आत्ताच्या हवेच्या मोजमापांपासून होते. जगभर एकाच वेळी, आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला, हायड्रोजनचे फुगे सोडतात. फुगा मिनिटाला सुमारे ३०० मीटर वर चढतो आणि त्याला लटकवलेलं यंत्र तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहतं. त्याच्या जोडीला इन्सॅट उपग्रहांची चित्रं, विमानांची, जहाजांची आणि जमिनीवरच्या केंद्रांची मोजमापं. तरी अरबी समुद्रावर मोठी पोकळी राहतेच आणि आपलं पावसाळी हवामान त्याच बाजूने येतं. सुरुवातीची छोटी चूक दिवसागणिक फुगते. म्हणून एकच गणित न करता सुरुवात थोडी थोडी बदलून तेच गणित अनेकदा करतात. युरोपीय केंद्र ५१ वेळा, आपलं खातं २१ वेळा. ५१ पैकी २० गणितांत ओझरला पाऊस आला तर शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास निघते. ‘४० टक्के’चा अर्थ दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस असा नाही, ४० टक्के गावात पाऊस असाही नाही. ‘४० टक्के’ म्हटलेले शंभर दिवस वहीत लिहून ठेवले आणि त्यातल्या चाळीसेक दिवशी पाऊस झाला, तर अ‍ॅप प्रामाणिक.

खात्यातला माणूस यापैकी एकाच गणितावर बसत नाही. तो तीन-चार प्रारूपं शेजारी लावतो, उपग्रहाच्या चित्रातले ढग गणितात आहेत त्याच जागी आहेत का ते बघतो, प्रारूपाची त्या भागातली जुनी खोड वजा करतो आणि मग शब्द निवडतो. अ‍ॅपमध्ये हे करायला कुणी नसतं.

वापरायची रीत सोपी आहे. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या मोजमापांवर चालवलेल्या लागोपाठच्या तीन गणितांनी शनिवारचा पाऊस शनिवारीच ठेवला, तर तयारी करावी. शुक्रवार, मग रविवार, मग काहीच नाही असं नाचत असेल तर अजून गणितालाच नक्की ठाऊक नाही. पाचव्या दिवसानंतर रोजच्या चित्रावर मजूर ठरवू नयेत, आणि चौदाव्या दिवसाच्या दुपारी तीन वाजता ढगाखाली दोन थेंब काढून दाखवणारं अ‍ॅप तुमची करमणूक करतंय.

प्रश्न (निफाड तालुका) : नाशिकला ९ अंश तेव्हा आमच्याकडे ५-६. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर. आणि एवढं गारठूनही कधी ‘थंडीची लाट’ म्हणतात, कधी म्हणत नाहीत. बागेत तर आणखी गार लागतं. कोणता आकडा खरा?

तिन्ही आकडे खरे, मोजायच्या जागा वेगळ्या.

निफाडचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा असतो, म्हणजे शेतमळ्यातला. शहरात डांबर, काँक्रीट आणि भिंती दिवसा घेतलेलं ऊन रात्री सोडतात. त्यात निफाड नदीखोऱ्यात, सखल भागात. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की जमीन आपली उष्णता थेट वर फेकते, तिला टेकलेली हवा थंड होते, थंड हवा जड म्हणून उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. पहाटे जमिनीजवळ गार आणि वर थोडं उबदार असा उलटा थर तयार होतो. मळ्यातलं धुकं डोक्याएवढ्या उंचीवर कापल्यासारखं थांबलेलं दिसतं, ती या थराची खूण.

खात्याचं तापमान जमिनीवरचं नसतं. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या भिंती असलेल्या पेटीत, सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत आणि खेळत्या हवेत ते मोजतात. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे दार उघडलं तरी ऊन आत पडत नाही. निरभ्र पहाटे गवताच्या टोकाशी याहून काही अंश कमी भरतं. म्हणून ५ अंशांच्या बातमीच्या दिवशी पानावरचं दव गोठलेलं दिसलं तर बातमी खोटी नाही. बागेसाठी आकडा हवा असेल तर किमान-कमाल तापमापक घडांच्या उंचीवर, वरून आडोसा करून टांगा. उघड्यावर टांगलेला तापमापक स्वतःच उष्णता फेकून हवेपेक्षा थंड होतो आणि दिवसा उन्हाने भलताच तापतो.

लाटेची व्याख्या अशी : मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी हवं. ६.५ किंवा जास्त फरक असेल तर तीव्र लाट. किंवा मग सरळ ४ अंशांपर्यंत उतरलं तर लाट, २ पर्यंत उतरलं तर तीव्र लाट. समजा एखाद्या केंद्राची जानेवारीतली सरासरी १० आहे. तिथे ६ अंशांना फरक ४ चाच पडतो, ४.५ ला पोहोचत नाही आणि लाट जाहीर होत नाही. जिथे सरासरी १३ आहे तिथे ८ अंशांना लाट. म्हणून जास्त गारठलेल्या गावाला लाट नाही आणि कमी गारठलेल्याला आहे, असं विचित्र चित्र दिसतं.

पहाटे किती उतरेल याचा घरगुती अदमास दवबिंदूवरून, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं त्यावरून, घेता येतो. बहुतेक हवामान अ‍ॅपमध्ये तो असतो. सूर्यास्ताला दवबिंदू ८ असेल तर तापमान ८ पर्यंत भराभर उतरतं, मग दव पडू लागतं, बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि घसरण मंदावते. दवबिंदू १-२ असेल आणि वारा नसेल तर हा ब्रेक फार खाली लागतो. अशी रात्र धोक्याची.

शेकोट्यांबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. धुराने ऊब राहत नाही. जमिनीतून निघणारी उष्णता धुराच्या बारीक कणांतून बहुतेक आरपार जाते. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि तिच्यामुळे हवा ढवळली जाण्याचा. त्यामुळे ओला पालापाचोळा घालून केलेला एक मोठा धूर निरुपयोगी, ओळींमधून थोड्या थोड्या अंतरावरच्या छोट्या आगी बऱ्या. त्याहून भरवशाचं म्हणजे पाणी. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री खालची उष्णता वर आणते. दुपारीच बोदावर (वेलींच्या ओळीच्या मातीच्या वरंब्यावर) ओल असू द्या, पहाटे पुन्हा ठिबक सुरू करा. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरंच उबदार असतं.

प्रश्न (सटाणा) : गारपिटीचा इशारा गावाच्या नावासह दोन दिवस आधी द्यायला काय हरकत आहे? रडार आहेत, उपग्रह आहेत.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडच्या द्राक्ष-कांद्यावर झालेला मारा, दोन्हींनंतर हा प्रश्न विचारला गेला.

गार पाडणारा ढग काही किलोमीटर रुंदीचा आणि त्याचं आयुष्य बहुधा तासाभराचं. दोन दिवस आधी तो ढग जन्मालाच आलेला नसतो. आधी दिसते ती फक्त सामग्री : उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकणारा पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली), वर थंड कोरडी हवा, खाली समुद्राकडून आलेलं बाष्प, दुपारचं तापलेलं रान. सामग्री जमली की ‘नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपीट’ असा इशारा निघतो. त्यात सटाणा की देवळा, हे ढग उभा राहिल्यावरच कळतं. त्यासाठी पुढच्या तीन तासांपुरता तात्कालिक इशारा असतो. रडारवर ढगाची पेशी कुठून कुठे सरकतेय ते पाहून तो काढतात, आणि तुमच्या हाती अर्धा-पाऊण तास येतो. तेवढ्यात काढलेला कांदा झाकता येतो, जनावरं आत घेता येतात, बाग झाकता येत नाही. बागेला जाळी किंवा प्लास्टिक आच्छादन हंगामाआधीच लागतं. गारा फोडायच्या आवाजाच्या तोफा विकणारे येतील. आवाजाने गार फुटते याला शास्त्रीय आधार नाही.

रडारचंही एक दुखणं आहे. मुंबईच्या कुलाब्याहून नाशिक सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर. रडारचा सर्वांत खालचा झोत अर्ध्या अंशाने वर धरलेला असतो, त्यात पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे नाशिकवर पोहोचेपर्यंत झोत जवळजवळ तीन किलोमीटर उंचीवर असतो. मध्ये सह्याद्री. गारांचा ढग दहा किलोमीटरच्याही वर जातो, तो दिसतो. पावसाळ्यातला घाटावरचा पाऊस मात्र बुटक्या ढगांतून पडतो आणि झोताखालीच राहतो. म्हणून त्र्यंबकला कोसळत असताना रडारच्या चित्रात हलका हिरवा रंग दिसला तर नवल वाटून घेऊ नका.

विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा. तेही पुण्याच्या त्याच संस्थेचं. अ‍ॅप नसेल तर मोजा : वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत दर तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा शेत सोडायचं, झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. द्राक्षाच्या मांडवाच्या तारांना हात लावून उभं राहणं सर्वांत वाईट.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : फवारणीसाठी अंदाजातलं नेमकं काय बघायचं?

वारा, पाऊस नसलेले तास आणि आर्द्रता, याच क्रमाने. अंदाजातला वारा १० मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्यावर दोन मीटरला तो साधारण पाऊणपट उरतो. अ‍ॅप ताशी १२ किलोमीटर सांगत असेल तर तुमच्याकडे ९, म्हणजे चालेल. १५ च्या वर दाखवत असेल तर थांबा. अगदी पडलेला वाराही नको. पहाटेच्या उलट्या थरात बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात आणि शेजारच्या बागेत जातात. सूर्य वर येऊन धुकं विरलं, पानावरचं दव सुकलं की मग सुरू करा. पानं रात्रभर ओली आणि तापमान वीस अंशांच्या आसपास असेल तर डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाला ते आवडतं. त्या दिवसांत मिलिमीटर कमी दाखवले म्हणून निर्धास्त राहू नका, नुसतं दवही पुरतं. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ अ‍ॅपवर मिळतो आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा आठवड्याचा सल्ला खास द्राक्षासाठी असतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न (नाशिकरोड) : ‘कमी दाबाचं क्षेत्र’ आणि ‘चक्रीवादळ’ यात सीमारेषा कोणती?

वाऱ्याचा वेग. ताशी ३१ किलोमीटरच्या आत कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ४९ न्यूनदाब किंवा डिप्रेशन, ५० ते ६१ तीव्र डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते तेव्हाच. वारा नॉटमध्ये दिला असेल तर १.८५ ने गुणा.

प्रश्न (येवला) : पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक दिलं की पाऊस चांगला, असं आमच्याकडे मानतात. आणि चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो हे कितपत खरं?

नक्षत्र आणि वाहन वेगळं करू. मृग, आर्द्रा, हस्त या सूर्याच्या जागा, दर वर्षी जवळजवळ त्याच तारखांना येणाऱ्या; मृग ७-८ जूनला, हस्त सप्टेंबरच्या अखेरीला. त्यामुळे ‘हस्ताचा पाऊस गडगडत येतो’ ही नोंद चांगलीच आहे. मोसमी वारे परतायच्या सुमाराला दुपारचे उंच ढग उभे राहतात, म्हणून. हे झालं सरासरी हवामान. या वर्षी काय होईल ते त्यातून कळत नाही. वाहन मात्र सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांमधलं अंतर मोजून काढतात. त्यात ढग, वारा, समुद्र कुठेच नाही, आणि इगतपुरीला जो बेडूक तोच येवल्याला.

खळ्यात तथ्य आहे. पाच-सहा किलोमीटरच्या वर पसरलेल्या पातळ ढगातल्या बर्फाच्या स्फटिकांतून चांदणं वाकतं आणि चंद्रापासून २२ अंशांवर कडं दिसतं. हात लांब करून पंजा ताणला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढं अंतर भरतं. याहून लहान, चंद्राला चिकटलेलं रंगीत वलय पाण्याच्या बारीक थेंबांचं, त्याचा अर्थ वेगळा. हिवाळ्यात येवल्याला मोठं खळं दिसलं तर बहुधा पश्चिमी झंझावाताचे वरचे ढग आलेले असतात. त्यातल्या बहुतेकांतून पाऊस पडत नाही, पण ढगांच्या पांघरुणामुळे त्या पहाटे थंडी कमी राहते. आकाश स्वच्छ होऊन उत्तरेचा वारा सुटला की पुढच्या एक-दोन रात्रींत पारा उतरतो. शेकोटीची लाकडं तेव्हासाठी ठेवा.